नववी मूठ

१

लाल कापडाच्या तीन गाठी मीच सोडल्या. झाकणही मीच उघडलं. पेटीत कापूस होता आणि कापसात नथीच्या आकाराचा खळगा. नथ नव्हती.

श्रावणातला रविवार, सकाळचे नऊ. लिंबायतच्या आमच्या गल्लीत सरलाबाईंच्या घरी आमची देवी कानबाई बसायची होती. चौरंग मांडून झाला होता. साडी नेसवली होती, नारळावर डोळे काढले होते, फक्त नाक उघडं होतं.

सरलाबाई आमच्या भाऊबंदकीत सगळ्यांत थोरली. माझ्या सासऱ्यांची मोठी वहिनी, म्हणून आम्ही सगळे तिला मोठी माय म्हणतो. नथीची पेटी तिच्या घरात असते, आणि पेटी ज्या घरात त्या घराचा शब्द गल्लीत चालतो. कुणाची सोयरीक कुठे करायची, कोण कुणाकडे जेवायला जाईल, कोण जाणार नाही, हे सगळं त्या पाव मुठीएवढ्या सोन्यावरून ठरत आलंय.

"कोन लई गयं?" धुडकूकाका गरजले. ते मोठ्या मायचे दीर. चाळीस वर्षं लूमवर काढली, कान गेले, त्यामुळे ते कुजबुजले तरी दोन गल्ल्यांना ऐकू जातं.

सगळे वळून दाराकडे बघायला लागले, तेवढं उत्तर पुरेसं होतं. दारात शीतल उभी होती, घासलेल्या समयांचं ताट हातात घेऊन. मोठ्या मायचा थोरला मुलगा हेमराज, त्याची ही बायको. वाशिमकडची, दुसऱ्या जातीची. पाच वर्षांपूर्वी दोघांनी परस्पर लग्न केलं आणि गोडादऱ्यात बिऱ्हाड मांडलं. यंदा पहिल्यांदा मोठ्या मायने स्वतः फोन करून तिला बोलावलं होतं.

"काल दिवसभर आतल्या खोलीत तीच होती," सोनाली म्हणाली. सोनाली धुडकूकाकांची सून. "मी कुणाचं नाव नाही घेत हं. पण चौकातून दुसरी नथ आणू ने. तासाभरात मळी जशे, मिळून जाईल."

"नही." मोठी माय पहिल्यांदाच बोलली. "परकी नथ चालणार नही. ती नथ नही, तर कानबाई बसणार नही."

धुडकूकाकांनी निकाल दिला, "चार वाजेपर्यंत नथ आली पाहिजे. नाही आली तर हेमराजच्या पोऱ्याची मूठ रोटातून बाहेर. यंदाच नाही, कायमची."

शीतलने ताट खाली टेकवलं. समया एकमेकींवर वाजल्या.

माझ्या कडेवर माझी दहा महिन्यांची रुंजी होती. सोनाली तिचा गाल ओढायच्या निमित्ताने माझ्या कानाशी वाकली.

"बाहेर काय काढणार, मयुरी? त्या पोराची मूठ घातलीच नाहीये."

२

कानबाईचा प्रसाद म्हणजे रोट. रोटाचा गहू गावच्या शेतातून येतो आणि शुक्रवारी मुठीने मोजला जातो. भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, मग तो पाळण्यातला का असेना. मूठ मोठ्या मायची. ती नाव तोंडातल्या तोंडात घेते, मूठ सुपात सोडते आणि ताटलीत एक सुपारी ठेवते. ज्याची मूठ पडली तो आपला. ज्याची नाही त्याला रोटाचा घासही मिळत नाही. मुलींची मूठ नसते. रुंजी झाली तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही. सुपारी वाढली नाही, त्यावरून मलाच कळलं.

मी सोनालीकडे गेले ते रुंजीला पाजायचं निमित्त करून. पाजणाऱ्या बाईला कुणी ऊठ म्हणत नाही, आणि तिच्यासमोर बायका बोलतात.

"गेल्या साली सुपाऱ्या आठ," सोनाली बोटांवर मोजत म्हणाली. "यंदा हेमराजच्या सार्थकची धरून नऊ पाहिजेत ना? मी दोनदा मोजल्या. आठच! बोलावलं मोठ्या थाटात आणि मूठ नाही. मग राग येणार नाही माणसाला?"

"कुणाला राग आला?"

"कुणाला म्हणजे? शीतलला. मी सांगितलं ना तिला शनिवारी." हे बोलून ती जीभ चावून थांबली. "कळायला नको का बिचारीला?"

"यंदा नथ कोण घालणार होतं, सोनाली?"

तिचं तोंड उतरलं. "तीच. दहा वर्षं मी पुरण वाटते, मी साडी नेसवते, आणि नथ घालायला ही कालची. पण म्हणून मी चोरीन का? शनिवारी साडी ठेवायला मी आत गेले, ते दोन मिनिटं. विचार सासऱ्यांना. फळीवरून पेटी त्यांनीच खाली काढून पुसली."

म्हणजे पेटीजवळ एकटं जायला तिघांनाही मिळालं होतं. आणि तिघांनाही कारण होतं, कारण धुडकूकाकांना पेटी आपल्या घरात हवी होती, हे रुंजी सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"शुक्रवारी मी उशिरा आले," मी म्हणाले. "मुठी घालताना काही भांडण झालं का?"

"भांडण कसलं! शेवटी शेवटी मोठ्या मायचा फोन वाजला. डाव्या हाताने उचलला, तशीच मोरीत गेली. आली ती तोंड धुऊनच. मग म्हणे, झालं, आवरा. उन लागस म्हणे तिला." सोनालीने रुंजीच्या पायाला गुदगुल्या केल्या. "मोरीत कसलं ऊन, सांग बरं!"

३

धुडकूकाका ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. त्यांच्याशी गुपित बोलणं शक्यच नसतं, म्हणून मी सरळ विचारलं.

"काका, पेटी तुम्ही काढली ना शनिवारी?"

"काढी ना! पुसी, ठेवी दिन्ही. गाठी सोड्यात नही." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "माले चोर ठरावस का तू?"

"मला शोधायचंय, काका. आधी कधी हरवली होती का नथ?"

त्यांचा मळता अंगठा थांबला. पुढचं ते चक्क हळू बोलले, म्हणजे एकाच गल्लीला ऐकू जाईल इतकं.

सहा वर्षांपूर्वी. कानबाईच्याच दिवशी. पेटीत नथ दिसेना. मोठ्या मायचा धाकटा मुलगा दत्तू तेव्हा वाईट पोरांच्या नादाला लागला होता. मोठी माय रागाच्या भरात सगळ्यांसमोर बोलून गेली, तूच नेली. दत्तूने काही उत्तर दिलं नाही. पायात चपला घातल्या आणि निघून गेला. संध्याकाळी नथ सापडली, त्याच लाल कापडाच्या घडीत अडकलेली.

"तवलग पोऱ्या गया," काका म्हणाले. "मोरबीकडे टाइल्सना कारखान्यात शे म्हणे. फोन नही, काही नही."

"मग त्या वर्षी कानबाई बसली नाही?"

"बसनी ना! सोनालीनी सोतानी नथ घातली तिले. तुनी मोठी मायच बोलनी, देव सोन्यावर रुसत नही."

मी रुंजीला दुसऱ्या कडेवर घेतलं. सहा वर्षांपूर्वी चालली ती परकी नथ आज सकाळी का चालली नाही?

"कानबाई अजिबात बसली नाही, असं कधी झालंय का?"

"एकदाच. गावले आमना नाना वारना ते साल. सुतकमा देव कसा बसाडशीन?" त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "कानवर पडं ना, की लागनं सुतक."

निघता निघता मी विचारलं, "दत्तूची मूठ अजून घालतात?"

"सगळ्यांत शेवटची. दरसाल. माय शे ती. पोऱ्या जिता शे तोवर मूठ."

४

मोठ्या मायच्या मागच्या खोलीत शीतल पिशवी भरत होती. सार्थक नवा सदरा घालून भिंतीशी उभा होता. काय चुकलं हे त्याला समजत नव्हतं. हेमराज बाहेर रिक्षात बसून होता, इंजिन चालू ठेवून.

"आता तुम्ही बी इचारायला आल्या का?" शीतल म्हणाली. "इचारा. सोनालीवैनींनं सांगतलं मले, पोराची मूठ नाई म्हणून. रडली मी. मोरीत समया घासता घासता रडली. पण नथ कावून घेईन मी? ते नथ घरात ठेवून मी काय करू, भाजी चिरू का?"

मला हसू आलं, आणि तिलाही आलं. मग तिने डोळे पुसले.

"एक सांगा जी. गाठी कोणी सोडल्या सकाळी?"

"मी."

"कशा होत्या?"

"तीन. नेहमीसारख्या. घट्ट."

"मंग चोर चोरी करून परत तीन गाठी तशाच बांधत बसला का? घाईत होता का सवडीनं आला होता?" तिने पिशवीची चेन ओढली. "अन् गुरुवारी आमच्या सासूबाई फोनवर काय म्हणाल्या ठाऊक आहे? नथ तू घालजो, म्हणाल्या. मी त्या दिवशी झोपली नाई. पाच वर्षं गोडादऱ्यातून आवाज ऐकते मी कानबाईच्या मिरवणुकीचा. खिडकी लावून घेते."

दारात सावली पडली. मोठी माय उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"कोन बोलनं, सार्थकनी मूठ घाली नही?" तिचा आवाज चिरका झाला होता. "घाली मी. आठवी मूठ त्याचीच. कानबाईची आण घेऊन सांगते, मना नातूनी मूठ मी घाली."

शीतल उठून उभी राहिली. मोठी माय मात्र आत आली नाही. आपण काहीतरी जास्त बोलून बसलो, असा तिचा चेहरा झाला. ती वळली आणि निघून गेली.

मोठी माय कानबाईची खोटी आण घेणार नाही. मग सार्थकची मूठ धरून सुपाऱ्या नऊ व्हायला हव्या होत्या.

५

मी घरी साड्यांवर खडे चिकटवते. एका पदरावर चारशे खडे असतात. एखादा सुटला तर नक्षीत नेमकी ती जागा डोळ्याला टोचते. कुठला खडा गेला हे उरलेले खडे सांगतात.

शुक्रवारी मी पोचले तेव्हा रुंजीने सुपाऱ्यांच्या ताटलीवर झेप घेतली होती आणि मी तिचा फोटो काढला होता. तो उघडला. बोटांनी मोठा केला. एक, दोन, तीन. सोनालीने बरोबर मोजलं होतं. आठ.

मोठ्या मायच्या घरात बायका पंख्याखाली चिडीचूप बसल्या होत्या. सागर, माझा नवरा, मिलमधून अजून यायचा होता. रुंजी पेंगुळलेली, म्हणून मी तिला आतल्या खोलीत मोठ्या मायच्या खाटेशेजारी खाली सोडलं, आणि तिला थोपटत थोपटत नावं गुणगुणायला लागले. धुडकूकाका एक. त्यांचा विठ्ठल दोन. विठ्ठलची दोन पोरं, चार. गावाला असलेले माझे सासरे पाच. माझा सागर सहा. हेमराज सात. सार्थक आठ. दत्तू...

थोपटणारा हात थांबला.

रुंजी झोपली नव्हतीच. ती पालथी होऊन खाटेखाली सरकली होती आणि काहीतरी चघळत होती. मी घाबरून बोट घालून तोंडातून काढलं. गव्हाचा दाणा. लांबट, लालसर. मी खाटेखाली वाकले. आणखी चार दाणे होते, भिंतीशी ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेपर्यंत गेलेले.

आमच्या गल्लीत दाण्याचा गहू कुणाकडेच नसतो. सगळ्यांकडे पिठाच्या थैल्या येतात. हा गहू गावचा, रोटाचा. तो मोजला बाहेरच्या खोलीत, आणि बायका त्याचा एक दाणा सांडू देत नाहीत. मग आत कसा आला?

उजव्या हाताने मुठी घालणाऱ्या बाईने फोन डाव्या हाताने का उचलला?

आणि मग आज सकाळचं सगळं आठवलं. "दिवा तू लाव, मयुरी, मना हात दुखस." "गाठी तूच सोड." चौरंगाला, नारळाला, पेटीला मोठ्या मायने बोटसुद्धा लावलं नव्हतं.

माझ्या अंगावर काटा आला. नथ कुणी घेतली हे मला कळलं होतं. का घेतली हे कळलं त्याचा हा काटा होता.

घड्याळात साडेतीन वाजले होते.

६

मी मोठ्या मायला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ती खाटेवर बसली. मी दाणे तिच्यासमोर धरले.

"शुक्रवारी फोन आला तेव्हा तुझी उजवी मूठ भरलेली होती ना, मोठी माय? नववी."

तिने माझ्या हातातल्या दाण्यांकडे बघितलं. पंखा फिरत राहिला.

"ती मूठ सुपात पडलीच नाही," मी म्हणाले. "दत्तूभाऊंची होती."

ती खाली वाकली, ट्रंक ओढली. कपड्यांच्या तळाशी दत्तूचा जुना हातरुमाल होता, त्याची पुरचुंडी बांधलेली. तिने ती सोडली. गव्हात नथ होती. सात मोती, मधला थोडा पिवळा.

"कोनी मराठी माणूस होता फोनवर," ती म्हणाली. "ताप भरला होता, म्हणे. तिसऱ्या दिवशी गया. त्यासनीच जाळा. मंग त्याच्या पेटीत मना नंबर सापडना. सहा वरीस नंबर ठेवा त्यानी. फोन करा नही." तिने उजवा हात उघडून बघितला. "मूठ बंद होती मनी. नाव घेतलं होतं त्याचं, तोंडात. मी ती मूठ सुपात कशी टाकू? आन फेकू तरी कशी?"

"सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं की खरं व्हतं." तिने डोळ्यांना पदर लावला. "आन मी सांगतू, तर सगळ्यासले सुतक. कानबाई बंद. ती पोरगी पाच वरीसनी पहिल्यांदा उनी दारात, तिना पोऱ्यानी मूठ पडनी, आन त्याच दिवशी सुतक? लोक बोलतीन, हिना पायगुण. नाही सांगितलं, तर सुतकमा देव बसाडाचं पाप मनं. म्हणून म्हटलं, नथच नको. नथ नही, तर कोणाचा दोष नही. कानबाई आपोआप बसणार नही."

"दोष कुणालातरी लागणारच होता, मोठी माय."

"माले समजनं नही." ती नथीकडे बघत होती. "माले समजाले पाहिजे होतं. याच नथनी मना एक पोऱ्या लई गया, आन मी आज परत... सकाळपासून तोंड उघडस, आवाज निघत नही. शीतल मनासमोर उभी, आन मी गप."

बाहेर धुडकूकाकांचा आवाज चढला. चार वाजत आले होते. कुणीतरी पिठाचा डबा ओढल्याचा आवाज आला. सार्थकची मूठ बाहेर काढायला. रिक्षाचं इंजिन पुन्हा सुरू झालं.

मी हात पुढे केला. "मी सांगू का बाहेर?"

"नको." ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, एकेक हाड जोडत उठावं तशी. "मागला डाव मी बोलू नये ते बोलनू. आता बोलाले पाहिजे ते तरी मनाच तोंडाने जाऊ दे."

ती बाहेर गेली, रुमाल हातात उघडा धरून.

"नथ मी काढी," ती म्हणाली. "शीतलनं काही चोरेल नही. मना दत्तू गया. बुधवारे गया."

पुढचं थोडा वेळ मला नीट आठवत नाही. धुडकूकाका भिंतीला टेकले ते आठवतं, आणि त्यांचं ओरडणं गेलं होतं ते. ते हळूच म्हणाले, "आमना दत्तू?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं नसेल. सोनालीने डब्यावरचा हात काढून घेतला, जणू डबा तापला होता. हेमराज रिक्षा तशीच चालू टाकून आत आला आणि आईच्या पायाशी बसला.

चौरंग उचलला. साडी उतरवून घडी केली. रोटाचं पीठ गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या गायींना गेलं. त्या वर्षी आमच्याकडे कानबाई बसली नाही.

चूल पेटणार नव्हती, म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या शोभाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. त्या शेजारधर्माला आल्या होत्या आणि रीतीप्रमाणे उंबऱ्याबाहेर थांबून विचारत होत्या, सुतकात कोण कोण आहे, किती पानं लागतील? शीतल पिशवी खांद्याला लावून दाराशीच उभी होती. आत की बाहेर, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

मोठ्या मायने मान वर केली.

"पिशवी ठेव, शीतल. सुतक तुलेबी शे. तुना दीर गया." मग शोभाबाईंना म्हणाली, "मनी सून धर. मना नातू धर."

शीतलने पिशवी खाली ठेवली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि आम्ही कुणीच तिला गप्प केलं नाही.

मी गव्हाची पुरचुंडी परत बांधायला घेतली, तर रुंजी मध्ये घुसली. तिने रुमालात हात घातला आणि मूठ आवळली. दाणे तिच्या बोटांतून सांडत होते, तरी ती सोडेना. मी एकेक बोट उलगडायला लागले.

मोठ्या मायने माझा हात धरला.

"राहू दे वं," ती म्हणाली. "भरी लिधी तिनी मूठ."